तळोज्यातला सिपर आणि फादर स्टॅन यांचा धीर

पार्किन्सन्स झालेल्या माणसाला चहा पाजलाय का कधी? मी पाजलाय, बाबांना, सलग सहा वर्षं. स्टीलचा पेला ते दोन्ही हातांनी धरायचे, उचलताना ठीक असायचं, पण तोंडाजवळ नेऊन जरा थांबले की थरथर सुरू, अर्धा चहा सदऱ्यावर, आणि अंगावर गरम चहा सांडला याच्यापेक्षा सुनेसमोर सांडला याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. शेवटी मी मेडिकलमधून एक सिपर आणला, लहान मुलांचा असतो तसा, वर झाकण आणि चोच. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने अख्खा चहा प्यायले, एक थेंब न सांडता, आणि रिकामा सिपर माझ्यासमोर टेबलावर आपटून ठेवला, बघ म्हणून.

म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात जेव्हा वाचलं की तळोजा जेलमधल्या ८३ वर्षांच्या एका फादरनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केलाय आणि त्याला उत्तर द्यायला तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागितलीय, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. बाबा तेव्हा हयात होते, त्यांचा निळा सिपर समोर होता.

आमच्या बायबल ग्रुपने यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी 'धीर आणि आशा' हा विषय घेतलाय, आणि ठरलं असं की नुसती वचनं वाचायची नाहीत, प्रत्येकाने एक खरं प्रकरण नीट मांडायचं, माणूस कोण, त्याच्यावर वेळ काय आली, त्याच्या हातात काय होतं आणि त्याने काय केलं. मी फादर स्टॅन स्वामींचं घेतलं. वसईहून तळोजा काही फार लांब नाही, ठाणे ओलांडलं की पनवेलच्या वाटेवर, आणि तरी तेव्हा आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं की आपल्याच एका फादरना तिथे ठेवलंय?

आधी माणूस कोण ते. जन्म २६ एप्रिल १९३७, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीकडे. १९५७ मध्ये येशूसंघात, म्हणजे आपण जेझुइट म्हणतो त्यांच्यात गेले. बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे बरीच वर्षं संचालक होते, तिथे आरामात राहता आलं असतं. पण ते झारखंडला गेले, आदिवासींमध्ये, आणि मग तिथलेच झाले. रांचीजवळ नामकुमला त्यांनी 'बगईचा' नावाचं केंद्र उभारलं. काम काय, तर जमीन, जंगल, विस्थापन, ग्रामसभेचे हक्क, आणि शेवटच्या काही वर्षांत जेलमध्ये खितपत पडलेली आदिवासी पोरं. नक्षलवादी म्हणून पकडलेल्या शंभरावर कच्च्या कैद्यांशी बोलून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अहवाल काढला, त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की आमचा त्या चळवळीशी काही संबंध नाही. खटले लवकर चालावेत म्हणून हायकोर्टात जनहित याचिकाही टाकली. हे लक्षात ठेवा, कारण ज्या माणसाने खटल्याविना जेलमध्ये पडून राहणाऱ्यांसाठी कोर्टाची पायरी चढली तोच पुढे खटल्याविना जेलमध्ये पडून राहिला.

आता प्रकरण. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला हिंसा झाली. त्याचा तपास आधी पुणे पोलिसांकडे होता, जानेवारी २०२० मध्ये तो राष्ट्रीय तपास संस्थेकडे, एनआयएकडे गेला. फादर स्टॅन यांच्या खोलीवर २०१८ आणि २०१९ असे दोनदा छापे पडले. आरोप होता बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध आणि कटात सहभाग. त्यांचं म्हणणं होतं की मी आयुष्यात कधी भीमा कोरेगावला गेलेलोच नाही आणि माझ्या कॉम्प्युटरवर सापडली म्हणून जी पत्रं दाखवताय ती बनावट आहेत, माझी नाहीत. एनआयएने रांचीत त्यांची पंधरा तासांच्या आसपास चौकशी केली, मग मुंबईला या म्हणून सांगितलं, कोविडचे दिवस, वय ८३, त्यांनी नकार कळवला. ८ ऑक्टोबर २०२० ला रात्री बगईचातून त्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी विमानाने मुंबई, तिथून तळोजा.

अटकेच्या दोन दिवस आधी त्यांनी एक व्हिडिओ रेकॉर्ड केला होता. शांत बसलेत, आवाज म्हातारा, पण अडखळत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की हे माझ्या एकट्याच्या बाबतीत घडतंय असं नाही, देशात अनेकांच्या बाबतीत घडतंय, मी नुसता बघ्या नाही, मी यात आहे याचा मला आनंद आहे आणि जी किंमत मोजावी लागेल ती मोजायला तयार आहे. मी तो व्हिडिओ बऱ्याचदा बघितलाय आणि दरवेळी 'आनंद' या शब्दाशी अडकतो.

इथे कायद्याचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर ही एवढी वाट कशाची बघत होते ते कळणार नाही. यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया रोखण्यासाठीचा जो कायदा फादरना लावला होता, त्यात कलम ४३ डी (५) आहे, त्याप्रमाणे पोलिसांचे कागद वाचून कोर्टाला आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देताच येत नाही. म्हणजे साक्षी-पुरावे तपासून खरं-खोटं ठरायचंय पुढे, खटल्यात, आणि खटला उभा राहायला वर्षं जातात, तोपर्यंत माणूस आत. तब्येतीच्या कारणावरून केलेला जामीनअर्ज ऑक्टोबरातच फेटाळला गेला, नियमित जामीन २२ मार्च २०२१ ला फेटाळला गेला. कुठल्याही कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं नव्हतं, शेवटपर्यंत नाही.

सिपरकडे येतो. ६ नोव्हेंबरला अर्ज. हात थरथरतात, पेला धरता येत नाही, स्ट्रॉ आणि सिपर वापरू द्या. एनआयएने २० दिवस मागितले, कोर्टाने दिले. २६ तारखेला एनआयएने सांगितलं की यांचा स्ट्रॉ-सिपर आम्ही जप्त केलेलाच नाही, हा विषय आरोपी आणि जेल यांच्यातला आहे. मग पुन्हा नवा अर्ज, आता जेलचं म्हणणं मागवायचं. तोपर्यंत बातमी देशभर पसरलेली, लोक ऑनलाइन ऑर्डर करून तळोजा जेलच्या पत्त्यावर सिपर पाठवायला लागले होते, आणि मग जेलकडून आलं की आम्ही सिपर दिलाय. मी काही वकील नाही, कुठल्या टेबलावर कुणाची चूक ते ठरवायला बसलेलो नाही. पण दोन मिनिटांत हो म्हणायची गोष्ट तीन आठवडे फिरत राहिली आणि त्या तीन आठवड्यांत रोज तीन वेळा त्या माणसाला पाणी प्यायचं होतं, हे मला बाबांमुळे समजतं.

आणि नेमकी याच दिवसांत लिहिलेली त्यांची एक चिठ्ठी आहे, मित्रांना पाठवलेली, नोव्हेंबरच्या मध्यावरची. कोर्टात सिपरचा अर्ज पडलेला असताना माणूस काय लिहितो बघा. १३ फूट बाय ८ फुटांची कोठडी आहे, सोबत आणखी दोन कैदी. संडास भारतीय पद्धतीचा, पण सुदैवाने मला कमोडची खुर्ची मिळालीय. संध्याकाळी साडेपाच ते सकाळी सहा आणि दुपारी बारा ते तीन कुलूप. बाकी वेळात दुसऱ्या कोठडीतले सहआरोपी भेटतात. अरुण फरेरा नाश्ता आणि जेवण भरवायला मदत करतात, व्हर्नन गोन्सालविस आंघोळ घालतात. रात्रीचं जेवण, कपडे धुणं आणि गुडघे चोळून देणं हे कोठडीतले दोघे करतात. ते दोघे फार गरीब घरचे आहेत, त्यांच्यासाठी आणि माझ्या सहकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. आणि शेवटी, एवढं सगळं असूनही तळोजा जेलमध्ये माणुसकी उसळतेय.

मी ही चिठ्ठी ग्रुपमध्ये वाचून दाखवली तेव्हा कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मला त्यात सगळ्यात जास्त लागलेला शब्द 'सुदैवाने' आहे. आपण दुःखात असलो की मोजदाद आपल्याच दुःखाची चालते, मी तरी तसाच आहे, बाबांच्या शेवटच्या वर्षात शेजारी कोण आजारी आहे ते मला माहीत नव्हतं. यांच्या चिठ्ठीत मोजदाद आहे ती मिळालेल्या मदतीची, कोण काय करतं त्याची, अगदी गुडघे चोळण्यापर्यंत.

जानेवारीत जेलमध्ये शंभर दिवस झाले तेव्हाचं पत्रही तसंच. जेलमध्ये अनिश्चितता एवढी एकच गोष्ट निश्चित असते असं लिहिलंय, आणि पुढे परत कच्च्या कैद्यांबद्दल, की बहुतेक गरीब घरचे, कितीजणांना आपल्यावर आरोप काय तेच माहीत नाही, चार्जशीट बघितलेलं नाही, वकील नाही, वर्षानुवर्षं पडून आहेत. म्हणजे रांचीत जो अहवाल बाहेरून लिहिला तोच आता आतून लिहीत होते. त्याच पत्रात ते गाजलेलं वाक्य आहे, पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो. पण त्याच्या आधी त्यांनी म्हटलंय की आम्ही सोळा आरोपी वेगवेगळ्या जेलमध्ये, वेगवेगळ्या सर्कलमध्ये, म्हणजे जेलच्या विभागांत ठेवलेत, एकमेकांना भेटता येत नाही, तरी आम्ही कोरसमध्ये गाऊ. एकट्याच्या गाण्याचं बोलतच नव्हते ते.

आता धीर या शब्दाबद्दल. आपल्याकडे सहन कर, देव बघतोय, त्याची मर्जी, असं सांगायची सवय आहे, मयतीला जातो तिथे तेच, सासूचा छळ असला तरी तेच, कंपनीने पगार बुडवला तरी तेच. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात ईयोबाच्या धीराचं नाव घेतलंय म्हणून आपण ईयोबाला सहनशीलतेचा पुतळा करून ठेवलाय. पण जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक उघडून वाचा, काही गुन्हा नसताना ज्याचं सगळं गेलं त्या माणसाचं. तिसऱ्या अध्यायापासून तो माणूस बोलायला लागतो तो थांबतच नाही, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला म्हणतो माझा गुन्हा दाखव, मला सुनावणी दे. आणि शेवटी देव रागावतो ते त्याच्या मित्रांवर, जे गोड गोड धार्मिक बोलत होते, आणि म्हणतो की माझ्याविषयी ईयोब बोलला ते यथार्थ. नव्या करारात धीर म्हणून जो ग्रीक शब्द आलाय, हुपोमोने, त्याचा मूळ अर्थच ओझ्याखाली टिकून राहणं असा आहे. तोंड बंद ठेवणं त्याच्यात कुठेच नाही.

फादर स्टॅन यांनी किती अर्ज केले बघा. जामिनासाठी, सिपरसाठी, थंडीच्या कपड्यांसाठी, पुन्हा जामिनासाठी, मग हायकोर्टात अपील. लूकच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात ती विधवा आहे ना, जी न्यायाधीशाकडे परत परत जाते, माझा न्याय कर, माझा न्याय कर म्हणून, तिचं आणि यांचं काम एकच. येशूने तो दाखला सांगितलाच यासाठी की खचू नये आणि सतत प्रार्थना करावी. माझ्या दृष्टीने तो सिपरचा अर्जसुद्धा प्रार्थनाच होती, टाईप केलेली, स्टॅम्प लावलेली.

२१ मे २०२१ ला ते व्हिडिओ कॉन्फरन्सवर हायकोर्टापुढे आले. ऐकू कमी यायचं, प्रश्न सांगावे लागत होते. त्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं की आठ महिन्यांपूर्वी आणलं तेव्हा मी स्वतः जेवत होतो, थोडं लिहीत होतो, चालत होतो, आंघोळ करत होतो, एकेक करून सगळं गेलं, आता मला कुणीतरी भरवावं लागतं. कोर्टाने जे. जे. रुग्णालयात ठेवायची तयारी दाखवली. ते नको म्हणाले. तिथे जाऊन आलोय, त्यापेक्षा इथेच सोसेन, असंच चाललं तर लवकरच इथेच मरेन, मला फक्त अंतरिम जामीन द्या, मला माझ्या माणसांत जायचंय. माझी माणसं म्हणजे कोण, तर रांचीची. तमिळनाडूत जन्मलेला माणूस मुंबईत मरणाच्या दारात बसून झारखंडला माझी माणसं म्हणतोय.

हे वाचताना काहीजणांना वाटलं की इथे त्यांचा धीर सुटला. ग्रुपमध्येही एकाने तसं म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलंच होतं. जे दुखतं ते दुखतं म्हणणं, आणि नको असलेल्या गोष्टीला वयाच्या ८४ व्या वर्षी कोर्टासमोर नको म्हणणं, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धीराचा क्षण आहे.

२८ मेला हायकोर्टाने त्यांना स्वखर्चाने वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवायला परवानगी दिली. तिथे गेल्यावर कोविड निघाला. ४ जुलैला पहाटे हृदय बंद पडलं, मग व्हेंटिलेटर. ५ जुलै २०२१ ला दुपारी हायकोर्टात जामिनावर सुनावणी होती. ती सुरू झाल्यावर त्यांच्या वकिलांनी सांगितलं की हॉस्पिटलच्या डॉक्टरांना काही बोलायचंय, आणि डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं की फादर दुपारी दीडच्या सुमारास गेले. अटकेपासून २७० दिवस. कोविडमुळे वांद्र्याच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये मोजकीच माणसं जाऊ शकली, आम्ही घरी मोबाईल भिंतीला टेकवून मिस्सा बघितली, बाबा खुर्चीत होते.

मग ग्रुपमधल्या एका मावशींनी सरळ विचारलं, विधवेला न्याय मिळाला, यांना कुठे मिळाला? मग आशा ती कसली? मला याचं पाठ केलेलं उत्तर देता आलं नाही आणि मुद्दाम दिलंही नाही. एवढंच दाखवलं की तो दाखला विधवेच्या निकालावर संपत नाही, येशू शेवटी प्रश्न विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? आणि पौल रोमकरांना लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. त्याच्या त्या साखळीत सुटका हा शब्द नाही. फादर स्टॅन यांची आशा सुटकेवर टांगलेली असती तर ती २२ मार्चला संपली असती. ती कशावर होती? मला वाटतं पुनरुत्थानावर होती आणि त्याचबरोबर अगदी जवळच्या गोष्टींवर, की उद्या सकाळी सहाला कुलूप उघडेल आणि अरुण चमचा घेऊन येईल.

पण एक गोष्ट मी जोर देऊन बोललो आणि इथेही लिहितो. त्यांचा धीर मोठा होता म्हणून त्यांना थांबवून ठेवणं लहान होत नाही. आपण ख्रिस्ती लोक हुतात्मा शब्द पटकन काढतो, फोटोला हार घालतो आणि उशीर कुणी केला, का केला हे विचारायचं राहून जातं. त्यांच्या येशूसंघाच्या सोबत्यांनी तसं केलं नाही. मृत्यूनंतर त्यांच्या नावावरचा डाग पुसला जावा म्हणून ते हायकोर्टात गेले, गेलेल्या माणसासाठी अर्ज, ती विधवा पुन्हा दारात. डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीचा अहवाल आला, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकरने शिरून कागदपत्रं पेरली होती असं त्यात म्हटलंय, जे ते स्वतः अटकेच्या आधीच व्हिडिओत सांगून गेले होते. तो अहवाल खटल्यात तपासला जायला पाहिजे होता, पण त्यांच्या बाबतीत खटलाच झाला नाही. अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्सालविस यांना सुप्रीम कोर्टाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला, तोवर त्यांना आत जवळपास पाच वर्षं झाली होती.

राहिले ते कोठडीतले दोघे. त्यांची नावं त्या चिठ्ठीत नाहीत. कुठल्या गुन्ह्यात होते, सुटले का, वकील मिळाला का, मला काहीच माहीत नाही. फार गरीब घरचे, कपडे धुवायचे आणि गुडघे चोळायचे. फादरनी त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली होती. आमच्याकडे संध्याकाळी रोझरी होते, आजारी माणसांची, मयत झालेल्यांची नावं घेतो, बाबांचं नाव आता दुसऱ्या यादीत गेलंय. मागच्या आठवड्यापासून शेवटी माझी मुलगी म्हणते, तळोज्यातल्या त्या दोघांसाठी, आणि आम्ही एक 'नमो मारिया' म्हणतो.